पिकोच्या मशीनवर टी-शर्ट

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या कोणत्याही गावात जा, चार-दोन घरांतून शिलाई मशीनचा आवाज येतोच. काही मशिनं लग्नात माहेराहून आलेली, काही सरकारी योजनेतून मिळालेली, काही बचत गटाच्या कर्जातून घेतलेली. त्यांच्यावर काय शिवायचं हेही ठरून गेलेलं आहे. ब्लाऊज, परकर, पंजाबी ड्रेस, गाऊन, शाळेचे गणवेश आणि साडीला फॉल-पिको. लग्नसराईत रात्र रात्र जागून अस्तराचे ब्लाऊज निघतात. भातलावणीच्या दिवसांत मशिनं झाकून ठेवलेली असतात, कारण शिवणारी आणि शिवून घेणारी दोघीही चिखलात असतात.

याच गावांतले पुरुष काय घालतात ते बघा. आसनगावहून सुटणाऱ्या लोकलमध्ये, मुरबाडच्या एमआयडीसीत पाळी बदलताना, भिवंडीच्या गोदामांकडे निघालेल्या गाड्यांत, क्रिकेटच्या मैदानावर, दहीहंडीच्या थरात, हळदीत नाचताना सगळीकडे टी-शर्ट. शर्ट-पँट शिवणारा शिंपी गावागावांतून कमी होत गेला. शर्टाची जागा ज्या टी-शर्टने घेतली तो मात्र आमच्याकडे कोणी शिवत नाही. तो बाजारातून येतो, नाहीतर फोनवरून मागवतात. फोनवरून मागवलेला टी-शर्ट ज्या भिवंडीच्या गोदामांतून निघतो, तिथे पाकिटं भरायला आमच्याच तालुक्यांतली मुलं असतात. कपडा आमच्या हातातून जातो, पण आमच्या हातून होत नाही, ही गोष्ट मला बरीच वर्षं खटकत होती.

माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं, सरळगावच्या बाजूचं. सासर शहापूर तालुक्यात, किन्हवलीकडे. दोन्हीकडे मी बायकांना शिवण शिकवलं आहे. टी-शर्ट का शिवत नाही, असं विचारलं की उत्तर एकच मिळतं : त्याला कंपनीची मशिनं लागतात. ते अर्धं खरं आहे. कारखान्यात खांद्याला आणि बगलेला ओव्हरलॉक चालतं, खालच्या दुमडीला फ्लॅटलॉक, आणि एकेक माणूस दिवसभर एकच जोड मारत असतो. पण आमच्या घरांत एक मशीन आधीपासून उभं आहे आणि या कामासाठी त्याच्याकडे कोणी बघितलेलं नाही. ते म्हणजे साडीला पिको करायचं मशीन. पिको होतो झिगझॅग टाक्याने, आणि ताणल्या जाणाऱ्या कापडाला नेमका तोच टाका हवा असतो. सरळ टाक्यात दोरा लांबायला जागा नसते, त्यामुळे कापड ताणलं की तो तटकन तुटतो. झिगझॅगमध्ये दोरा नागमोडी पडतो. कापड ताणलं की ती वळणं सरळ होतात आणि सोडलं की परत बसतात.

मला या कामाला लावलं ते माझ्या धाकट्या दिराने. भाऊजी भाताच्या गिरणीवर पोती उचलतात. छाती भरदार, खांदे रुंद, उंची बेताची. बाजारातला मोठ्या मापाचा टी-शर्ट छातीला बसायचा, पण खाली मांडीपर्यंत यायचा आणि बाही कोपराला टेकायची. लहान माप घ्यावं तर दंडाला काचायचं. एकदा म्हणाले, "वहिनी, गावातल्या सगळ्या बायकांचे ब्लाऊज तुम्ही पाव इंचाच्या हिशोबाने बसवता. माझ्या अंगाला बसेल असा एक टी-शर्ट शिवून द्या की. आणि जरा स्टाईलमध्ये असू दे, बनियन वाटायला नको."

त्यांची बनियनची भीती खरी होती. टी-शर्ट मुळात आतून घालायचाच कपडा. १९१३च्या सुमारास अमेरिकेच्या नौदलाने तो खलाशांना गणवेशाच्या आत घालायला दिला आणि १९५१ साली मार्लन ब्रँडोने सिनेमात तो नुसताच वरून घातल्यावर जगभरच्या तरुणांनी उचलला. माझे वडील घरात गंजीफ्रॉकवर वावरायचे, पण पौष पौर्णिमेच्या म्हसाच्या यात्रेला जाताना वर सदरा चढवल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत. आतला कपडा आणि चारचौघांत घालायचा कपडा यांतला फरक कुठून येतो, याचं उत्तर मला भाऊजींचा टी-शर्ट शिवताना मिळालं. चित्र छापल्याने तो फरक पडत नाही. खांद्याची शिलाई नेमकी खांद्याच्या हाडावर बसणं, गळा मानेला चिकटून पण सैल राहणं, बाही दंडाच्या मध्यावर संपणं आणि खालची कड एका रेषेत असणं, एवढ्या चार गोष्टी जमल्या की साध्या एकरंगी टी-शर्टलाही रुबाब येतो.

सगळ्यात आधी कापड ओळखावं लागतं, आणि आमच्या हातांना या कापडाची सवय नाही. शेजारी भिवंडी. देशातल्या मोठ्या यंत्रमाग केंद्रांतलं एक. मागावर उभे धागे ताणून बांधलेले असतात आणि त्यांच्यातून आडवा धागा फिरतो. वडील म्हसाच्या यात्रेतून आणायचे ती घोंगडीही मागावरचीच. असं कापड उभं ओढा, आडवं ओढा, जागचं हलत नाही. तिरकं ओढलं तर जरा देतं, म्हणून तर गळ्याच्या पायपिंगला आपण उरेब पट्टी कापतो. टी-शर्टचं कापड मागावर होतच नाही. धाग्याच्या फासात फास अडकवत, हाताने स्वेटर विणतात तसंच ते यंत्रावर विणलं जातं. हातविणीची नक्कल करणारं पहिलं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली या पाद्र्याने १५८९ साली केलं. त्याच जातीची गोल यंत्रं आज तमिळनाडूतल्या तिरुप्पूरमध्ये चालतात आणि आपल्या अंगावरचे कितीतरी टी-शर्ट तिथून येतात.

फासांचं कापड ताणलं की फास आडवे पसरतात, सोडलं की जागेवर येतात. ब्लाऊजमध्ये छातीचा उभार टक्स घालून आणावा लागतो. इथे टक्स नाही, अस्तर नाही. अंगाचा आकार कापड स्वतः घेतं. म्हणून ब्लाऊजवर हात बसलेल्या बाईला टी-शर्टसाठी एकच मोठी सवय सोडावी लागते, ती म्हणजे कापड ओढून धरायची. ब्लाऊजला आपण पुढून-मागून ताणून शिलाई सरळ आणतो. होजिअरीच्या, म्हणजे या विणीच्या कापडाला तसं केलं की शिलाईची कड लाटांसारखी वर-खाली होते आणि कितीही इस्त्री केली तरी बसत नाही. मशीनचे दात कापड नेतात, तेवढंच नेऊ द्यायचं. हाताने फक्त दिशा द्यायची.

कापडासाठी मी शहाडला उतरून उल्हासनगरला जाते. मुरबाडकडच्या बायकांना तर शहाड कल्याणच्या एसटीच्या वाटेवरच पडतं, गोवेली, कांबा, म्हारळ मागे टाकलं की आलंच. होजिअरीचं कापड बरेचदा मीटरवर नाही, किलोवर मिळतं. त्यामुळे दुकानात 'किती मीटर' विचारण्याआधी 'किती जीएसएम' विचारावं लागतं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १८० जीएसएमचं कापड आपल्याकडच्या हवेला चांगलं. दीडशेच्या खालचं अंगावर पारदर्शक दिसतं आणि बनियनसारखं लोंबतं. दोनशेच्या वरचं उन्हाळ्यात नकोसं होतं. १८०चं कापड किलोला साडेपाच चौरस मीटर भरतं आणि काटछाट धरून मध्यम मापाचे चारएक टी-शर्ट त्यात निघतात. दुकानदार साध्या एकेरी विणीला 'सिंकर' म्हणतात, कॉलरवाल्या टी-शर्टच्या जाळीदार विणीला 'मॅटी' किंवा 'पीके', आणि गळ्याच्या उभ्या रेघांच्या ताणदार कापडाला 'रिब'. रिब त्याच रंगाच्या गठ्ठ्यातून, त्याच वेळी घ्यावी. नंतर नुसती रिब घ्यायला गेलं तर निळ्यात निळा जुळत नाही.

घेण्याआधी एक परीक्षा मी दुकानातच करते. कापडाची चार इंचांची दुमड टेपवर धरून आडवी ताणायची. ती सहज पाच इंचांपर्यंत गेली पाहिजे आणि सोडल्यावर परत चारावर आली पाहिजे. ताणणं सगळ्याच होजिअरीला येतं, परत येणं चांगल्या सुताला येतं. सव्वाचारवर थांबलेलं कापड म्हणजे महिन्याभरात गुडघ्यासारखे फुगे आलेला टी-शर्ट.

आणलेलं कापड तसंच कापायला घेऊ नये, आधी धुवावं. सुती होजिअरी पहिल्या धुण्यात आटते, आणि उंचीला जास्त आटते. शिवाय त्यात पीळ असतो. बाजारातला स्वस्त टी-शर्ट दोन-चार धुण्यांनंतर अंगावर फिरतो, बगलेची शिलाई पोटावर येते, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. सुताला दिलेला पीळ उलगडायला बघतो आणि फासांच्या रांगा तिरक्या होतात. कारखान्यात ते नीट बसवून घेण्याआधीच कापड कापलं गेलेलं असतं. घरी आपल्या हातात वेळ असतो. कापड भिजवायचं, पिळायचं नाही, नुसतं दाबून पाणी काढायचं आणि जुन्या साडीवर आडवं पसरून वाळवायचं. दोरीवर टांगलं तर पाण्याच्या वजनाने ते लांबतं आणि सगळी मेहनत फुकट. आमच्याकडच्या आषाढात कापड दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून हे काम मी पाऊस लागायच्या आत उरकून ठेवते. वाळल्यावर उजेडात धरून फासांची एक उभी रांग शोधायची आणि तिच्यावरून खडू फिरवायचा. थानाची दुमड जिथे पडली आहे ती सरळ आहे असं समजायचं नाही. ती रांग हीच सरळ रेघ. कटिंगचा पेपर तिच्यावर ठेवला की टी-शर्ट फिरत नाही.

पेपर कटिंगसाठी पुरुषाचं माप लागतं, आणि गावात ही अडचण खरी आहे. नवऱ्याचं, दिराचं, भावाचं माप घरच्या घरी घेता येतं. गावातल्या परक्या पुरुषाच्या छातीभोवती टेप धरणं कुठल्याही बाईला अवघड वाटतं आणि समोरच्यालाही. यावर टी-शर्टमध्ये जी सोय आहे ती शर्टात नाही. त्याला बसणारा, त्याच्या आवडीचा जुना टी-शर्ट मागवून घ्यायचा, घडी घालून ब्राऊन पेपरवर सपाट ठेवायचा आणि कडेने पेन्सिल फिरवायची. टी-शर्टला टक्स नाहीत, पट्टी नाही, चोळीसारखी गोलाई नाही. तो जवळजवळ सपाटच कपडा आहे. खांदा, मुंढा, छाती, उंची, सगळं उतरतं. मग जिथे त्याला काचतं किंवा सैल पडतं तिथे पाव-अर्धा इंच कमी-जास्त करायचं. या एका गोष्टीमुळे पुरुषांचं काम बायकांना उघडं होतं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

भाऊजींचं माप मी टेपनेच घेतलं. छाती ४२. शर्ट असता तर त्यात चार-पाच इंच सैल धरावे लागले असते, कारण शर्टाचं कापड देत नाही. इथे दोनच धरले, म्हणजे सपाट ठेवल्यावर समोरून २२ इंच. उंची २६ ठेवली, बाजारातल्या त्यांच्या मापापेक्षा बरीच कमी. बाहीचा गोल मुद्दाम उथळ कापला. शर्टाच्या बाहीला वरचा गोल उंच लागतो, नाहीतर हात खाली सोडल्यावर बगलेत चुण्या पडतात. होजिअरीत ते काम ताण करतो आणि उंच गोल घातला तर खांद्यावर चुणी पडते. पोती उचलणाऱ्या माणसाचा हात सारखा वर जातो, म्हणून बगलेत मी थोडं जास्त कापड ठेवलं.

स्टाईल म्हणून छातीवर तिरका जोड घ्यायचं ठरवलं. उजव्या खांद्यापासून डाव्या बगलेच्या खालपर्यंत एक रेघ. वरचा तुकडा राखाडी, खालचा गडद निळा, गळ्याची रिब आणि बाहीच्या कडा राखाडी. भाऊजींना मी कागदावर काढून दाखवलं तेव्हा त्यांनी आधी रेघ आडवी मागितली होती. रुंद आणि ठेंगण्या अंगावर आडवी रेघ माणसाला अजून रुंद करते. तिरकी रेघ नजर वरून खाली नेते. हे सांगितल्यावर त्यांनी लगेच मानलं. रंग निवडताना दोन्ही कापडं एकाच वजनाची असावी लागतात. राखाडी जाड आणि निळं पातळ असलं तर जोडावर निळं लोंबतं.

कापल्यावर होजिअरीच्या कडा गुंडाळायला लागतात. उभ्या कडा उलट बाजूला वळतात, वरच्या-खालच्या सुलट बाजूला. नवीन बाई इथेच हिरमुसते, कारण दोन कडा एकमेकींवर बसतच नाहीत. यावरचा उपाय आमच्या घरात रोज होतो आणि आपण तो ओततो. भाताची पेज पातळ करून बोटाने किंवा कापसाने कडेवर फिरवायची, वाळली की इस्त्री करायची. कड पुठ्ठ्यासारखी सपाट राहते आणि शिवून झाल्यावर धुतली की पेज निघून जाते. भाताच्या मुलुखात यासाठी बाजारातून स्टार्च आणायचं कारण नाही.

सुई बदलणं सगळ्यात महत्त्वाचं. नेहमीची सुई टोकदार असते, ती धाग्यात घुसते. मागाच्या कापडाला त्याने काही होत नाही. विणीच्या कापडात एक फास तुटला की तिथून भोक पडतं आणि वर चढत जातं. त्यासाठी गोल टोकाची, बॉलपॉइंट म्हणतात ती सुई मागायची, मशीनला बसेल त्याच जातीची, ११ नंबर. गोल टोक धाग्याला न टोचता बाजूला सारून खाली जातं. दोरा पॉलिस्टरचा घ्यायचा, सुती दोरा ताण सोसत नाही. पिकोच्या मशीनवरची पिकोची पट्टी काढून साधी दाबपट्टी लावायची आणि तिचा दाब वरच्या स्क्रूने सैल करायचा. टाक्याची रुंदी मी जेमतेम एक मिलिमीटर ठेवते, लांबी अडीच. वरून बघितलं तर शिलाई सरळच वाटते, पण ताणली की देते. कापड तरीही दातांत अडकत असेल तर खाली बटर पेपरची पट्टी घालून शिवायचं आणि मग ती फाडून टाकायची. वर्तमानपत्र घालू नये, शाई लागते.

तिरका जोड आधी शिवला. तिरकी कड शिवताना सहज ताणली जाते, म्हणून तिला मी आधी हाताने कच्चा दोरा घातला. मग खांदे. खांद्यावर सगळ्या टी-शर्टचं वजन असतं, तिथे ताण नकोच. तिथे शिलाईत अर्ध्या इंचाची सुती पट्टी धरली, म्हणजे खांदा कधी ओघळत नाही. बाजारातला चांगला टी-शर्ट उलटा करून बघा, मानेमागून खांद्यापर्यंत अशी पट्टी दिसेल. ती दिसली तर तो घ्यायला हरकत नाही.

गळा हे या कपड्याचं खरं काम. गळ्याची शिलाईरेघ मोजली, ती १८ इंच भरली. रिब तिच्या ८५ टक्के घ्यायची, म्हणजे सव्वापंधरा इंच, अधिक जोडासाठी अर्धा इंच. तेवढ्याच लांबीची घेतली तर गळा उभा राहून लोंबतो, फार कमी घेतली तर खाली चुण्या पडतात आणि डोकं जात नाही. रिबचा गोल करून ती उभी दुमडली. गोलाचे चार सारखे भाग केले, गळ्याचेही चार भाग केले आणि टाचण्या लावल्या. इथे लक्ष ठेवायचं ते हे की गळ्याचे चार भाग खांद्याच्या शिलाईवर येत नाहीत, कारण पुढचा गळा मागच्यापेक्षा मोठा असतो. पुढचा मध्य आणि मागचा मध्य एकमेकांवर ठेवून जो अर्धा येतो, तो खांद्याच्या थोडा पुढे पडतो. तिथे टाचणी लावायची. मग रिब वर धरून शिवायचं आणि ताण फक्त रिबला द्यायचा, खालच्या कापडाला अजिबात नाही. ढोलकीच्या पानासारखा तो ताण गोलभर सारखा हवा. हे वाचून येत नाही, बोटांना कळतं, आणि ज्या बायकांनी वर्षानुवर्षं गळ्याची पायपिंग बसवली आहे त्यांच्या बोटांना ते लवकर कळतं. मुरबाडकडच्या क्लासमधल्या एका आजींना अक्षरओळख नाही, पण त्यांचा गळा माझ्यापेक्षा सुबक बसतो.

बाह्या बगल शिवण्याआधी, कापड सपाट असतानाच लावल्या आणि मग बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत एका दमात शिलाई मारली. ब्लाऊजची बाही गोल करून बसवण्याचा त्रास इथे नाही. आतल्या कडा त्याच मशीनवर रुंद झिगझॅगने बांधल्या. होजिअरीच्या कडा मागाच्या कापडासारख्या सुटत नाहीत, त्यामुळे ओव्हरलॉक नसलं तरी चालतं. शहापूरला ओव्हरलॉक करून मिळतं. देखणेपणासाठी करून घ्यावं.

खालची दुमड एक इंचाची. पाऊण सेंटिमीटरच्या अंतराने बारीक झिगझॅगच्या दोन ओळी घातल्या. कारखान्याची खालची शिलाई साखळीटाक्याची असते. ती दिसते सुंदर, पण एक टोक सुटलं आणि दोरा ओढला गेला की सगळी कड उसवते. आपल्या मशीनच्या टाक्यात वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एका जागी तुटला तरी बाकीचा राहतो. या एका बाबतीत घरचा टी-शर्ट कारखान्याच्या टी-शर्टच्या पुढे आहे.

भाऊजींनी तो घालून आरशात बघितलं आणि काही न बोलता दोन्ही हात वर करून बघितले, पोतं उचलतात तसे. कड कमरेच्या जागी राहिली. मग म्हणाले, "वहिनी, आता गिरणीवरचे सगळे येणार." आणि खरंच त्यांच्या बरोबरचे आपापले जुने टी-शर्ट पिशवीत घालून यायला लागले. त्यांच्यातले बहुतेक सगळे असेच, ज्यांची अंगं कारखान्याच्या मापात बसत नाहीत. कोणी फार उंच आणि सडपातळ, कोणाचं पोट पुढे, कोणाचा एक खांदा ओझ्याने खाली आलेला. कारखाना सरासरी माणसासाठी शिवतो. आमच्या गावांत शेतात, वीटभट्टीवर, गिरणीवर राबलेली अंगं आहेत, ती सरासरीत कशी बसावीत?

पैशाचं सांगायचं तर स्पष्टच सांगते. आठवडे बाजारात दीडशे-दोनशेला मिळणाऱ्या टी-शर्टशी घरच्या टी-शर्टची किमतीत बरोबरी होत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. त्यात राबणाऱ्या बाईची मजुरी निघत नाही. घरचा टी-शर्ट विकला जातो तो मापावर, टिकण्यावर आणि वेगळ्या दिसण्यावर. दुसरी जागा म्हणजे एकसारख्या टी-शर्टची. दहीहंडीचं गोविंदा पथक, गावचा क्रिकेटचा संघ, हळदीची भावकी, या सगळ्यांना एका रंगाचे टी-शर्ट लागतात आणि वयं असतात आठ वर्षांच्या पोरापासून पन्नाशीच्या काकांपर्यंत. थरावर चढणाऱ्या मुलाचा टी-शर्ट अंगाबरोबर असावा लागतो. सैल कपड्यावर वरच्याचा पाय घसरतो. माहेरच्या बाजूच्या एका पाड्यावरच्या बायकांनी मिळून पथकाचे टी-शर्ट शिवले. एकीने कटिंग केलं, दोघींनी पिकोच्या मशीनवर जोड मारले, एकीने नुसते गळे बसवले. वीज गेली तेव्हा पायमशीनवर खांद्यासारखी, जिथे ताण नको अशी सरळ शिलाईची कामं उरकून घेतली. पैसे गावात राहिले.

तालुक्यांत शिवणाचे वर्ग पुष्कळ होतात. त्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. झबलं, परकर, ब्लाऊजचे चार प्रकार, सलवार, कधीकधी जेन्ट्स शर्टही असतो. होजिअरीचा एकही कपडा नसतो, आणि आज घरातल्या कितीतरी कपड्यांना तेच कापड आहे. माणूस जे रोज घालतो ते शिवायला शिकवलं नाही तर बायका ब्लाऊजवरच थांबणार, आणि ब्लाऊजचं काम साडी नेसणं कमी होईल तसं कमीच होत जाणार. वर्ग चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे, अभ्यासक्रमात एक टी-शर्ट घाला. मशीन वाटपाच्या वेळी बॉलपॉइंट सुयांचं एक पाकीट सोबत द्या, त्याची किंमत काहीच नाही.

आणि ज्यांच्या घरात पिकोचं मशीन आहे त्या बायकांनी वर्गाची वाट बघू नये. नवऱ्याचा किंवा मुलाचा फाटलेला टी-शर्ट घ्या, शिलाया उसवा, तुकडे इस्त्री करून कागदावर ठेवा. तोच तुमचा पहिला पेपर. त्यावरून अर्ध्या किलो कापडाचा एक शिवा. पण कापायच्या आधी ते कापड धुवा, आणि शिवताना ओढू नका.